जिजींची नीज

सुपारी कातरावी तशी झोपेची गोळी अडकित्त्यानं कातरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या जिजी. मांडीवर चंची उघडायच्या, लवंग-काताच्या खालून ती पांढरी बारकी गोळी काढायच्या आणि कच्‌कन दोन तुकडे करायच्या. "ही धर मास्तरीण, अर्धी. निजेला पण वाटेकरी असावा." मी दुपारच्या शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तरीण. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे. जिजी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तेव्हा शहर औरंगाबादच होतं आणि सिडकोत आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. जिजी मूळच्या वैजापूरकडच्या, कांद्याच्या शेतीतल्या. वय विचारलं की म्हणायच्या, "निजामावर पोलीस ॲक्शन झाली तवा मी परकर नेसून शेळ्यांमागं पळत व्हते. आता तूच कर हिशेब." मालक गेल्यावर मुलगा भानुदास त्यांना इथं घेऊन आला. इथं नळ होता, पंखा होता, गॅस होता; झोप मात्र नव्हती. "त्यांच्या घोरण्यावरून जलमभर भांडले," त्या सांगायच्या. "आता घर गप्प झालं, अन् माझी नीजच गेली बग." हे सांगताना त्या हसायच्या. रडू मला यायचं.

डॉक्टरांनी गोळी दिली होती ती दुःखाचे पहिले काही दिवस निघावेत म्हणून. जिजींनी ती वर्षानुवर्षं चालू ठेवली. शहागंजातल्या एका औषधवाल्याला त्यांनी गावाकडच्या कांद्यांवर आपलंसं करून घेतलं होतं. पिशवीभर कांदे समोर ठेवले की तो चिठ्ठी मागत नसे. अर्धीची एक झाली, एकीची दीड. शिवाय दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा त्यांचा रिवाज. विरजण मागायला आलेली बाई नुसतं "रात्री डोळा लागला नाही हो" म्हणाली, तरी वाटीतल्या विरजणाबरोबर गोळीचा तुकडा तिच्या हातावर पडायचा. मीही एकदा घेतला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी एकाच मुलीला दोनदा हाक मारली आणि ती बिचारी दोन्ही वेळा "हजर" म्हणाली.

मग नात झाली आणि जिजींचं जग तिच्या झोळीभोवती गोळा झालं. सून सुरेखा सकाळच्या शाळेत कारकून होती. तिची रजा संपली आणि बाळ जिजींच्या हवाली झालं.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भिंतीपलीकडचं रडणं थांबेचना. पाठोपाठ करपल्याचा वास आला. मी मागच्या दारानं आत गेले. गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, झोळीत पोर रडून लालेलाल झाली होती, आणि झोळीची दोरी हातात धरून, भिंतीला टेकून जिजी गाढ झोपल्या होत्या. गॅस बंद केला, पोर उचलली, जिजींना गदागदा हलवलं, तरी त्यांचे डोळे उघडेनात. रात्री मध्येच जाग आली म्हणून पहाटे त्यांनी आणखी एक गोळी घेतली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या नातीकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

सुरेखा सासूला एका शब्दानं बोलली नाही. तिनं माहेराहून, कन्नडहून, आईला बोलावून घेतलं, एवढंच. कापूस वेचणीला विहीणबाई परत जातील तेव्हा बाळालाही सोबत नेतील, असं ठरलं.

"माझी नात न्हेत्यात व्हय? बगतेच!" जिजींनी होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या मोरीत ओतल्या. दोन-तीन दिवसांतच त्यांचे हातपाय थरथरू लागले, अंगाला घाम सुटला, आणि भर दुपारी उंबऱ्यात मालक बसलेत म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. भानुदासनं दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजी, इतक्या वर्षांची गोळी अशी एकदम तोडायची नसते. जिवावर बेतलं असतं. आम्ही सांगू तशी हळूहळू कमी करायची. आणि आपली गोळी दुसऱ्याला तर कधीच द्यायची नाही."

"लेकी, मी तर परसाद वाटावा तशी वाटली गं," जिजी म्हणाल्या.

दिलेलं परत मागणं त्यांच्या घरात कुणाच्या रक्तात नव्हतं. तरी उभं राहण्याइतकं बळ येताच ही बाई दारोदार फिरली. "दिलेलं मागू नाय, पण हे मागते. उरलेला तुकडा असंल तर दे बाय, अन् नीज नसंल तर डाक्टरकडं जा." कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आत्या सकाळी झोकांड्या का खायच्या, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा कळलं. त्यांच्यापुढे जिजींनी कानाला हात लावले.

गोळी सुटायला महिनोन्‌महिने लागले. दिवसा डुलकी लागू नये म्हणून त्या सूप घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या. माझे गहू, शेजारणीची डाळ, जे हाती लागेल ते निवडायच्या. कधी चिडायच्या, कधी उगाच रडायच्या. पण एकदा म्हणाल्या, "गोळीनं नुसते डोळे मिटत व्हते, मास्तरीण. नीज आता कुठं यायलीय. भेत भेत येती, पर येती."

विहीणबाई हे सगळं बघत होत्या. वेचणी दिरावर सोपवून त्यांनी मुक्काम वाढवला, आणि शेवटी त्यांनीच लेकीला सांगितलं, "पोरगी हितंच ठिव सुरेखा. येवढी झुंजती बाई म्या पाह्यली नाय."

सुरेखानं ऐकलं आणि विहीणबाई एकट्याच परत गेल्या; पण सुरेखाच्या मनातली भीती जाईना. रोज सकाळी निघताना ती माझ्या फाटकाशी थांबायची आणि हळूच म्हणायची, "बाई, जरा कान असू द्या." जिजी दाराआड उभ्या असायच्या. त्यांना सगळं ऐकू जायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एके दिवशी सुरेखा घाईनं निघाली. मला पाहून हसली, "येते हो बाई," म्हणाली आणि सरळ रिक्षात बसली. रिक्षा वळणापलीकडे गेली तेव्हा जिजी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या.

"आज काय बोलली नाय ना ती तुला?"

"नाही जिजी. काहीच नाही बोलली."

त्या पायरीवर बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. माझेही डोळे भरून आले. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

"हळू बोल. पोरगी निजलीय," त्या म्हणाल्या. "मी जागी हाय."