निळा ड्रम

मस्तगडच्या आमच्या गल्लीत शेजारच्या खाला कुणाच्याही घरी गेल्या, की आधी पाण्याच्या ड्रममध्ये डोकावायच्या. माणसांची विचारपूस नंतर. साठी ओलांडलेली सडपातळ बाई, दुपट्टा कमरेला बांधलेला, हातात काथ्याचा घासणा. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. आम्ही मागून ‘ड्रम इन्स्पेक्टर’ म्हणायचो, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

आमच्याकडे नळ येतो आठ-दहा दिवसांनी. पाणी फेका म्हणणाऱ्याला इथं कुणी दारात उभं करत नाही. खाला तसं कधीच म्हणाल्या नाहीत. “पानी फेकू नका बेटा, मी गाळून देते. पन ड्रम घासा, उन्हात सुकू द्या. मच्छरची अंडी काठाला चिकटून राह्यतेत.” आणि आम्ही शहाण्या काय करायचो? पाणी गाळायचो आणि पुन्हा त्याच न घासलेल्या ड्रममध्ये ओतायचो! खाला कपाळावर हात मारायच्या.

मला मात्र त्यांचा रागच यायचा. सकाळी डब्यांची घाई, बँकेत वेळेवर पोचायचं, आणि ह्या बाई दारात हजर. त्या भादव्यात एकदा म्हणाल्या, “गच्चीवरचा निळा ड्रम राह्यला.” ड्रम अर्धा भरलेला होता. मी सरळ ठोकून दिलं, “रिकामा आहे तो, खाला.”

आमच्या दोघींच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी एकच भिंत. संध्याकाळी कपडे काढायला वर गेले, तर खाला पलीकडून वाकून त्या ड्रमवर बोटानं टकटक करत होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि खाली गेल्या. मी म्हटलं, चला, सुटले!

पुढच्या आठवड्यात माझी नऊ वर्षांची सई तापली. डेंग्यू. प्लेटलेट रोज उतरत होत्या. सकाळचा रिपोर्ट हातात आला, की आधी तो आकडा शोधायचे. खाला रोज मऊ खिचडीचा डबा घेऊन दवाखान्यात यायच्या, सईचे तळवे चोळायच्या. ड्रमचं नाव काढलं नाही. सांगून टाकावं असं दहादा वाटलं, पण दर वेळी नुसता डबा धुऊन परत दिला.

पाचव्या दिवशी आकडा चढला. त्या दिवशी डबा आला नाही. त्यांचा मुलगा आला. “अम्मीला तीन दिवसांपासून बुखार आहे, अंगावर काढला. इथंच खालच्या वॉर्डात आणलंय.”

मी धावत खाली गेले. हात नुसता भाजत होता त्यांचा. डोळे उघडून एवढंच विचारलं, “निळा ड्रम घासला का, बेटा?”

रिकामा होता ना, असं त्यांनी विचारलं नाही. मी म्हणाले, “घासला, खाला.” हे दुसरं खोटं. दवाखान्याच्या धावपळीत गच्चीवर गेलं होतं कोण?

तशीच घरी पळाले. बोटं सोलवटेपर्यंत ड्रम घासला, उन्हात पालथा घातला. दुसऱ्या सकाळी सगळं कबूल करायला दवाखान्यात गेले, तर खाटेवरची चादरही काढलेली होती. खाला पहाटेच वारल्या होत्या.

सई आता शाळेत जाते. मला अजून लाज वाटते. त्यांच्या मुलाकडून घासणा मागून आणला, आणि आता दर रविवारी गल्लीत मीच फिरते. पोरी मागून हसतात, हसू देत. परवा कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “गच्चीवरचा रिकामाच आहे, काकू.”

तो आवाज मी ओळखते. मी चपला काढल्या आणि न विचारता तिचा जिना चढायला लागले.