भावोजींचे अठ्ठावीस पौंड

या बघू इकडे, असे लांब नका बसू. नवी गाडी घेतलीत, तिला हार घातलात, गल्लीभर पेढे वाटलेत, सगळं खरं. पण तिच्या चाकांत हवा किती आहे हो? बघा, झाल्या ना माना खाली! माझ्या धाकट्या दिरांसमोर असे गप्प बसला असता तर तुमची धडगत नव्हती. साऱ्या बेंगळुरात चाकांच्या हवेवर जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो देवाने माझ्याच सासरी धाडला.

भावोजींची सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात गेली, मापं तपासण्याच्या खात्यात. तिथून निवृत्त झाले ते फक्त कागदावर. शर्टाच्या खिशात लोकांच्या एक पेन असतं, यांच्या दोन. त्यातलं एक पेन नव्हेच, हवा मोजायची नळी. चाकाच्या तोंडाला लावली की मागून खाचाखुणांची पांढरी काडी बाहेर येते, जितकी हवा तितकी लांब. लग्नाला गेले की आम्ही मांडवात आणि भावोजी बाहेर गाड्यांच्या रांगेत. अक्षता पडेपर्यंत निम्म्या पाहुण्यांच्या काचांवर चिठ्ठ्या: 'डावं मागचं वीस. जपून जा.' एकदा खुद्द वरबापाने ती चिठ्ठी आहेराची समजून खिशात घातली.

पेट्रोल बंकवरचा, म्हणजे पंपावरचा, हवा भरणारा माणूस तर यांना बघून पाणी प्यायला आत जायचा. तो बिचारा एकदा म्हणाला, "स्वल्प जास्ती असू दे की सार." झालं! "स्वल्प म्हणजे किती? दोन पौंड की चार? मला आकडा सांगा!" मागे हॉर्न वाजताहेत, आमचे हे लाजेने खिडकीखाली वाकलेत, आणि भावोजी स्वल्पाचा आकडा मागताहेत. दसऱ्यातल्या आयुधपूजेला इथे चाकांखाली लिंबं ठेवतात ना, तिथेही आधी हवा, मग लिंबू. म्हणे, चारी लिंबं सारखी चिरडली पाहिजेत. आणि मागे तिघी बसणार असल्या की गल्लीत उभं राहून खणखणीत विचारायचे, "वहिनी, सध्या वजन किती?" मी दर वेळी दहा किलो चोरले. ते हसून दहा मिळवून घ्यायचे.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, देवनहळ्ळीच्या त्या सकाळपर्यंत. माझ्या भाचीचा तिथे साखरपुडा होता. गाडी भावोजींची, चालवणार तेच. शेजारी माझा मुलगा, मागे मी, माझी जाऊ म्हणजे भावोजींची बायको, आणि ती होणारी नवरी. निघण्याआधी भावोजी मागच्या चाकाशी उकिडवे बसले. नळी लावली, काडी डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "अठ्ठावीस. सरी, बरोबर! बसा."

मी शेजारीच चपलेचा पट्टा लावत होते. मला स्वच्छ अठरा दिसले.

"भावोजी, अठरा आहेत हो."

"वहिनी, तुम्ही पोळ्या लाटा. मापं मी बघतो."

जावेने माझा पदर ओढून मला तुळशीपाशी नेलं. "अक्का, बोलू नका. दोन महिने झाले, पेपरसुद्धा मीच वाचून दाखवते. डॉक्टरचं नाव काढलं की जेवत नाहीत. गाडी सुटली तर त्यांच्याजवळ काय उरेल हो?"

एकीकडे त्यांचा मान आणि दुसरीकडे नटूनथटून गाडीत बसलेली ती पोर. लॉऱ्यांच्या त्या रस्त्याला तसल्या चाकावर, अंधूक डोळ्यांच्या माणसाहाती तिला कशी न्यायची? मी परत गेले आणि लुगडं सावरून सरळ खाली बसले.

"भावोजी, मला शिकवा. एवढी माणसं पोळ्या खाऊन गेली, एक विद्या तरी कुणी शिकवली का मला?"

असा विद्यार्थी त्यांना जन्मात मिळाला नव्हता! राग कुठल्या कुठे गेला. नळी कशी सरळ धरायची, फुस्स आवाज आला तर कसं पुन्हा लावायचं, सगळं सांगितलं. मी लावली. काडी बाहेर आली. "वाचा," ते म्हणाले.

"अठरा."

काडी त्यांनी माझ्या हातातून घेतली, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख काडीवरच्या खाचांवरून एकेक करत नेलं. ओठ हलत होते. सगळा जन्म माणसाने मापात काढलेला. नख थांबलं तिथे त्यांना थांबावंच लागलं.

"अठराच," ते म्हणाले. मग पायपंप काढून, घामाघूम होईतो मारून, हवा अठ्ठावीसवर आणली. दर वेळी विचारत, "वाचा वहिनी." आणि किल्ली माझ्या मुलाच्या हातावर ठेवून म्हणाले, "सावकाश चालव रे. मागे माझी माणसं आहेत."

साखरपुडा छान झाला. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत बसले होते. किती दिसत होतं, कोण जाणे. पुढे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा आतला पडदा सुकत चाललाय, मोतीबिंदू असता तर काढला असता. भावोजींनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. रविवारी मी वाचते, ते नखाने ताडून बघतात, मग पंप मारतात. पण एकाच गाडीची चार चाकं, ती किती वेळा मोजायची! मग दारात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्याने गाडी गेली की आवाज ऐकून म्हणतात, "मागचं बसलंय हिचं."

म्हणून सांगते, या एकदा. गाडी घेऊनच या. मात्र पळून आलेली चाकं तापलेली असतात, आणि तापल्या चाकाचं माप भावोजी खरं मानत नाहीत. तीनेक तास गार होऊ द्यावी लागतात. तेवढ्यात मी बिशीबेळे भात करते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करा, तो बूथवाला हाक मारतो आम्हाला. पण फार दिवस लावू नका हो. हल्ली खाचा मोजताना त्यांचं नखही चुकायला लागलंय.