परमनंट जावई

आमच्या गडमुडशिंगीत मुलगी द्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पोरगा परमनंट हाय का? दारू पितो का, स्वभाव कसा आहे, हे सगळं नंतर. माझ्या वडिलांना, हंबीररावांना, म्हणजे आमच्या आण्णांना, तर या शब्दाचं वेडच होतं. स्वतः उभ्या जन्मात एक दिवस कुणाची चाकरी केली नव्हती. चांगलं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, हंबीररावांचा गूळ म्हणून शाहूपुरीच्या बाजारात नाव होतं. पण जावई मात्र त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार घेणाराच पाहिजे होता.

आणि ते नाव ज्याच्या जिवावर होतं तो जोतीराम. आज तो माझा मालक आहे, त्यामुळे यापुढं त्यांना मी 'हे'च म्हणणार. हे आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. गुळव्याचं काम सांगायला सोपं आहे. भल्यामोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचा गूळ नेमका कधी झाला ते सांगायचं. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. हे आधी बुडबुड्यांचा आवाज ऐकायचे, मग पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून चिमटीत घासायचे आणि हात वर करायचे. हात वर गेला की बाकीच्यांनी काहील ओढायची. मी रोज गुऱ्हाळावर भाकरी घेऊन जायचे. भाकरी पोचवायला गडी होता, तरी मीच जायचे. काय ते समजून घ्या.

आईनं एकदा विषय काढून बघितला. "जोत्या बरा हाय की. निर्व्यसनी हाय, आपल्यातलाच हाय."

"गुळव्याला पोरगी दिऊ व्हय?" आण्णा म्हणाले. "चार म्हैनं काम, आठ म्हैनं पारावर. शालनला मी परमनंट बघणार." हे बोलताना त्यांच्या ताटात त्याच जोत्याचा गूळ होता, आणि आण्णा तो मिटक्या मारत खात होते.

बोलणं यांच्या कानावर गेलं.  यांचे चुलते बाळासो एका साखर कारखान्यात मुकादम होते, त्यांच्या वशिल्यानं दिवाळीनंतर यांनी तिथं अर्ज टाकला, आणि चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये ऑर्डर आली. गुळव्याला अख्ख्या वर्षात मिळायचं तेवढं कारखाना तीन महिन्यांत देणार होता. वर बोनस, फंड, कॉलनीत नळाचं पाणी असलेली खोली. आण्णांनी ऑर्डरीचा कागद दोनदा वाचून घेतला आणि मे महिन्यात आमचं लग्न लावून दिलं. एप्रिलपर्यंतचा जोत्या मेपासून 'पावणं' झाला. मला काय पाहिजे होतं ते मिळालं, म्हणून मीही खूष. आपला माणूस मिळतोय आणि वर नळाचं पाणी, आणखी काय मागायचं?

कारखान्यातलं काम ऐकलं तेव्हा मात्र माझं मन थोडं खट्टू झालं. एका टाकीसमोर खुर्ची. टाकीला काटा. दर अर्ध्या तासानं काट्याचा आकडा बघून वहीत लिहायचा.

"आणि काटा वर गेला तर?" मी विचारलं.

"सायबांस्नी सांगायचं."

"तुम्ही काय करायचं?"

"वहीत ल्ह्यायचं की."

नुसत्या कानानं पाक ओळखणाऱ्या माणसाला आकडे उतरवायला बसवलं होतं, आणि त्याला सगळं गाव बढती म्हणत होतं. पाळी सुटली की गेटवर डबा उघडून दाखवायचा, आत साखर तर नाही ना म्हणून. पहिल्या दिवशी डबा दाखवून आले तेव्हा यांचा चेहरा उतरला होता. आमच्या गुऱ्हाळावर वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा रस प्यायल्याशिवाय आणि गरम गूळ खाल्ल्याशिवाय कधी पुढं गेला नव्हता. तो गूळ इतकी वर्षं यांनीच वाढला होता.

इकडं आण्णांनी पिराजी नावाचा नवा गुळव्या ठेवला. त्यानं पहिल्याच दिवशी दोन काहिली करपवल्या. पुढचा गूळ करपला नाही, पण उन्हात ठेवला की पाझरायचा. शाहूपुरीत अडत्यानं नाकाला लावून बघितला आणि गुपचूप कोपऱ्यात ठेवला. चार दिवसांनी आण्णा आमच्या खोलीत हजर. बरोबर शेंगांचं पोतं.

"पावणं, पंधरा दिस रजा काढा की. तेवढं गुऱ्हाळ मार्गी लावून द्या."

यांचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. पण रजा कोण देणार? ऊस एकाच वेळी तयार होतो, गुऱ्हाळालाही आणि कारखान्यालाही. हंगामात कारखाना कुणाला रजा देत नाही. मग राजारामपुरीतल्या एका डॉक्टरची चिठ्ठी आणली: पाठीचा मणका सरकला आहे, पंधरा दिवस सक्त विश्रांती. सक्त विश्रांती म्हणजे पहाटेपासून काहिलीच्या धगीपुढं उभं राहणं.

पहिल्या वर्षी आईनं हळूच विचारलं, "जोतीरामला काय मजुरी द्यायची?"

"जावयाला मजुरी?" आण्णा भडकले. "चारचौघांत तोंड दाखवायचं हाय न्हवं मला?" त्यांनी टॉवेल-टोपी दिली, ओवाळलं आणि जेवायला मटण घातलं. असं दर वर्षी चाललं: चांगला ऊस त्या पंधरा दिवसांत, बाकीचा पिराजीच्या हाती. जिथं मन लागत नव्हतं तिथं पगार, आणि जिथं जीव अडकला होता तिथं टॉवेल-टोपी. आमच्याकडं सात टॉवेल झाले. मी यांना दर हंगामात म्हणायचे, "सोडा ती नोकरी. गुळव्याच शोभता तुम्ही." हे हसायचे. त्या पंधरा दिवसांत यांच्या बोटांना गुळाचा वास यायचा आणि हे झोपेतसुद्धा हसायचे. वर्षातले बाकीचे दिवस मी त्या वासाची वाट बघायचे.

दोन हजार एकच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, गुऱ्हाळासमोर एक मोटार थांबली. आत एक गृहस्थ, त्यांची बायको आणि दोन लेकरं. कुणाचा तरी पत्ता विचारायला थांबले होते. आण्णांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "पावणं, दारातनं कोरडं जातंय व्हय कोण?" म्हणून चौघांना बाजेवर बसवलं, रस दिला, ताटलीत गरम गूळ आणि शेंगदाणे दिले. मी भाकरी घेऊन आले होते, सगळं बघत होते.

गृहस्थ म्हणाले, "गूळ झक्कास हाय. गुळव्या कोण?"

झालं. आण्णांना एवढंच पाहिजे होतं. "गुळव्या? आमचा जावई हाय त्यो. गुळव्या न्हवं, कारखान्यात हाय, परमनंट. दरसाली पाठीची चिठ्ठी लावतोय आन् येतोय बगा माझ्यासाठनं. अवो पावणं, जरा हिकडं या की."

हे कपाळाचा घाम पुसत आले आणि जागच्या जागी थांबले. ते गृहस्थ यांच्याच कारखान्याचे लेबर ऑफिसर होते.

साहेबांनी ताटलीतला शेवटचा खडा तोंडात टाकला. "जोतीराम, पाठ कशी हाय?"

 आण्णांच्या हातातला रसाचा तांब्या तसाच राहिला. साहेब वाईट माणूस नव्हते, खाल्ल्या गुळाला जागले. हात धुतले आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी आठला माझ्याकडं ये. एकतर परत असं करणार न्हाय म्हणून लिहून दे, न्हाईतर राजीनामा घेऊन ये. दोन्ही जमणार न्हाय आता."

मोटार गेली तसे आण्णा भानावर आले. "लिहून द्या, पावणं. मी बघतो दुसरा गुळव्या. न्हाई मिळाला तर गुऱ्हाळ बंद करतो. परमनंट घालवू नका." लग्नाआधी म्हणाले होते तेच म्हणाले, फक्त या वेळी त्यांचा आवाज फुटला होता. हे काहिलीपाशी गेले, बुडबुडे ऐकले, थेंब घासला, हात वर केला. ती काहील नीट उतरवली आणि मग आम्ही एस.टी.ला निघालो.

स्टँडवर यांनी मला विचारलं, "मामांचं ऱ्हाऊ दे. तू सांग, शालन. काय करू?"

माझ्या लग्नाचं सगळं ठरवताना मला कुणी काही विचारलं नव्हतं, याचा राग मी सात वर्षं मनात धरला होता. आता विचारत होते, आणि उत्तर तर माझं पाठ होतं. पण मांडीवर धाकटा झोपला होता. थोरल्याला राजारामपुरीतल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं होतं. आठ महिने पारावर बसलेला नवरा डोळ्यांपुढं आला, विहिरीवरून आणायचं पाणी आलं. मी म्हणाले, "लिहून द्या."

 हे "बरं" म्हणाले. घरी आल्यावर साबणानं हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले.

गुऱ्हाळ आण्णांनी तीनच वर्षं रेटलं, मग बंद केलं. त्या छपरात आता ट्रॅक्टर असतो. गेल्या वर्षी, दोन हजार आठ साली, कारखान्यानं यांचा सत्कार केला. सात हंगामांत एकही रजा नाही म्हणून प्रमाणपत्र, नारळ आणि पाच किलो साखर. ती साखर गेटवर कुणी तपासली नाही. आण्णा व्हीलचेअरवर पहिल्या ओळीत बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "जावई हाय माझा."

सगळ्यांचं चांगलं झालं. थोरला इंग्रजी शाळेत नववीला आहे, नळाला पाणी आहे. तरी कधी कधी वाटतं, आण्णांवर रागवायचा हक्क मी त्या स्टँडवरच घालवला. यांनी मला एका शब्दानंही कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रोज सकाळी दूध तापवायला मी यांनाच सांगते. मला वेळ नसतो असं नाही. हे गॅसपुढं उभे राहतात, मान कलती करून ऐकतात आणि नेमक्या वेळी बटण फिरवतात. इतक्या वर्षांत दूध एकदाही उतू गेलेलं नाही. मग रिकामी चिमूट एकदा घासतात, डबा उचलतात आणि पाळीला जातात.