धाव चढल्यावर

आधी हमीदाआपांचं नाव घेते, मग मामांचं. आपा शेजारच्या. त्यांनी आपल्या घरातली मागची खोली उघडून दिली नसती, तर हे लिहायला टेकायला मला जागा नव्हती. मामा जाऊन महिना होत आला. त्या सकाळी मी पेज घेऊन गेले, हाक मारली, ताटलीवर चमचा वाजवला... आवाज झाला की ज्यांचा हात आपोआप ठोकून बघायला उठायचा, ते तसेच पडून राहिले. तेव्हाच समजलं.

मामा पनवेलात बैलगाडीची चाकं करत. चौथीत माझी शाळा सुटली, आई गेली आणि मामींच्या हाताखाली म्हणून मी कोल्हापूरकडून इथे आले ती राहिलेच. मामी गेल्यावर घर माझ्यावर आलं. गावाकडेही कुणी उरलं नाही. चाकाला लोखंडी धाव बसवताना मी पाणी ओतायची. तापलेली धाव सैल असते, पाणी पडलं की आवळते. मग कापल्याशिवाय निघत नाही. तयार चाकावर मामा हातोडी मारून कान लावत. त्यांना विसर पडू लागला तसे ते दार, घागर, सगळंच वाजवू लागले. माझ्या डोक्यावर बोटं आपटून म्हणायचे, "हे लाकूड पक्कं आहे गं!" स्वतःच्या मुलाचं नाव मात्र आठवायचं नाही.

त्याच सुमारास एक वखारवाला येऊन बसू लागला. गोड बोलून मामांचा अंगठा उठवून घर घशात घालायचा त्याचा बेत. मी घाबरून मुंबईला बापूदादाला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, कळवलं. वडिलांचा पालक मला नेमा, असा दादाने अलिबागच्या कोर्टात अर्ज केला. साक्षीला मी. आपा सोबत आल्या. "बेटा, खरं ते बोल, थरथरू नको." खरं तेच बोलले... मामांना व्यवहार कळत नाही. दादा पालक झाला, वखारवाला यायचा थांबला. मी देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या थंडीत मामांना एक सकाळ लख्ख उगवली. मला नावाने हाक मारली. "कुसुम, मागच्या दोन खोल्या तुझ्या. वकिलांना बोलाव, लिहून टाकू." वकील आले, ऐकलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिहीन की. पण उद्या टिकायचं कसं? यांना कळत नाही, हे कोर्टात तूच सांगितलंयस."

मामा माझ्याकडे बघत होते. "पाणी ओतलंस वाटतं?"

"ओतलं, मामा."

"मग झालं."

दुपारपर्यंत मी त्यांना पुन्हा परकी झाले.

दादा वाईट नाही. मामांचे दिवस झाल्यावर म्हणाला, "मी तुला काढत नाहीये गं. पण गिऱ्हाइकाला घर रिकामं हवंय. तुझं असेल ते ने." वारस तो एकटा, कागदाशिवाय भाचीचा हक्क कुठला? माझं काय, ते मला सांगता येईना. हातोडी उचलली. आपा दारातच उभ्या होत्या. "चल. भाडंबिडं बोललीस तर जेवायला नाय घालणार!"

हातोडी आता खिडकीत असते. सकाळी उठले की हात जातो, खोलीचं दार वाजवून बघते. बदबदतं, पोकळ लाकडासारखं. पलीकडून आपा ओरडतात, "पडणार का गं आज?" त्यांचे गुडघे धरलेत, उंबरा ओलांडताना माझा खांदा लागतो. आपा, तुमची फेड मी करीन, उशाशी बसून करीन... फक्त तेव्हा मामांसारखं मला काही लिहून द्यायला निघू नका.