किरिबातीचा निकाल

कापसाच्या गावांतून रोज वाईट बातमी येण्याची ती वर्षं. अमरावतीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. पहिलं पान हातात घेतलं की जीव दडपायचा. पाचव्या पानावर मात्र परदेशी बातम्यांचं एक छोटं सदर मी हट्टानं चालवत होते. संपादक अकोल्याच्या मुख्य कचेरीतून यायचे आणि दर खेपेला विचारायचे, "हे वाचतं कोण?" मला राग यायचा.

त्यातच किरिबातीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. पॅसिफिक महासागरातली ही चिमुकली बेटं. अख्खा देश आपल्या अमरावतीत आरामात मावेल. तिथली रीत मला भारी आवडली. आधी संसद उमेदवारांची नावं ठरवते, मग त्यांतला एक जनता थेट निवडते. त्या खेपेला तिघे होते. तिघांचीही मी ओळख दिली. समुद्राच्या पाण्यानं विहिरी खारट होतात, म्हणून प्रचारात गोड्या पाण्याची चर्चा आहे, हेही लिहिलं. निकालाची बातमी हाती आली आणि त्याच दिवशी संपादकांनी सदर काढून जागा जाहिरातीला दिली.

"एक वाचक दाखवा, एकच," ते म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून बाजारभावाचं पान सांभाळा."

वाचक काय पर्समध्ये घालून हिंडायचा असतो? चार दिवस मी नुसती धुमसत होते.

शनिवारी भर दुपारी तिघे जण कचेरीत शिरले. दोन धोतरवाले शेतकरी आणि मोटरपंप दुरुस्त करणारे एक चाचा. भातकुलीहून एसटीनं आले होते. संपादकही नेमके त्या दिवशी अकोल्याहून आलेले, समोरच बसले होते.

"निकाल काहून नाई छापला?" थोरल्या शेतकऱ्यानं दारातूनच विचारलं.

"कशाचा? बाजार समितीचा?" संपादक गोंधळले.

"बाजार समितीचा कायले? त्या बेटाचा! चार दिसांपासून पेपर चाळून राह्यलो आमी. पारावर तीन पार्ट्या पडल्या. हा न् मी तं बोलत बी नाई."

"पण तुम्हाला काय त्या बेटाचं?"

"सायेब, आमचा भाग खारपानाचा. हीर खनली का खारं पानी. तिकडं बी तसंच हाय म्हन्ते. मंग पाहा लागते ना, लोकं कोनाले निवडून देतात थे!"

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. खण उघडून मी ती बातमी काढली आणि उभी राहून, भाषण केल्यासारखी, खणखणीत आवाजात वाचली. मी ओळख दिलेल्या तिघांपैकी दुसरा उमेदवार निवडून आला होता.

"अपना आदमी आया!" चाचांनी टेबलावर अशी थाप मारली की संपादकांचा चहा बशीत सांडला. थोरल्याचं तोंड उतरलं.

"फेरमोजनी नाई का होत, बाई?" त्यानं विचारलं.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. संपादकांकडे मी मुद्दाम पाहिलं. एक मागितला होता, तीन उभे होते, आणि तेही आपसांत भांडत. एवढी मोठी जीत माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही.

जाता जाता चाचा दारातून मागे वळले. "बाई, आता त्यानं पानी देल्लं का नाई, थे बी छापजा. हम पूछने आएंगे."

"छापू," माझ्याआधी संपादकच म्हणाले.