चार सिलिंडर, चार उमेदवार

देवाने माणसाला कान दिले ते बायकोचं ऐकायला नव्हे, स्पार्क प्लग ऐकायला, असं मानणारा गृहस्थ अवघ्या राहुरी तालुक्यात एकच आहे आणि ते माझे थोरले साडू आहेत. त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून शेणाचे शिंतोडे असतात, पण इंजिन पुण्याहून शर्यतीच्या गाडीसारखं तयार करून आणलेलं. अशा तापट इंजिनाला कोणत्या कंपनीचा प्लग मानवेल, याचा शोध वर्षानुवर्षं चालू आहे. कंपन्यांची नावं ते घेत नाहीत. डब्याच्या रंगावरून लाल, निळा, पिवळा, हिरवा. मी गेलो की पोह्यांच्या आधी ताटलीतून वापरलेले प्लग येतात. "बगा पाहुणं, ह्याचं टोक बिस्किटागत तांबूस, म्हंजे तब्येत झकास. ह्यो काळा, नुसता पेट्रोल पितोय. आन् ह्यो पांढरा, लई तापतो, आपल्या सासऱ्यागत." आतून अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "माझ्या बापाला ताटलीत कशाला घेता?"

चाचणी विळद घाटात होते. मागच्या सीटवर वजन म्हणून मी, आणि आवाज ऐकायला त्यांची लेक. एकदा मी दिवाळीचा फराळ करून बसलो, तर वजन बदललं म्हणून त्यांनी निकालच रद्द केला.

मग लेकीचं लग्न ठरलं. सासर श्रीगोंद्याला, वाट त्याच घाटातून. त्याआधी गाडी एकदा घाटात उसाच्या ट्रॉलीपुढे बंद पडलेली, म्हणून अक्काने बजावलं, "पाठवणीला नुसती अडखळली तरी दुसऱ्या दिवशी भंगारात." दुसऱ्या कुणी खात्रीचे चार प्लग बसवले असते. साडूंनी चार सिलिंडरांत चार कंपन्यांचे बसवले. "शर्यतीतले बैल कुनी येगयेगळ्या दिवशी पळवतं व्हय? एकच घाट, एकच पेट्रोल, होऊन जाऊ द्या."

"पण गाडी तर एकच ना?" मी म्हणालो. "कोण पुढे आलं ते कळणार कसं?"

"मला कान हायेत," साडू म्हणाले.

पाठवणीला मी त्यांच्या शेजारी, नवरा-नवरी मागे. घाट लागला तसा मी श्वास रोखला. गाडी चढत होती, उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या. एवढ्यात मागून लेकीचा हात त्यांच्या खांद्यावर आला. रडून बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "पप्पा, एक जण जरा मागं राहतोय का?" गाडी एकदाही न अडखळता घाट चढली.

परतताना मागची सीट रिकामी. मी विचारलं, "मग, जिंकलं कोण?"

"खरं सांगू पाहुणं? मला आज आवाजच आला न्हाई."

अक्का आता भंगाराचं नाव काढत नाही. चारही प्लग अजून गाडीतच आहेत. साडूंनी एकही बाहेर काढून पाहिलेला नाही. विचारलं की म्हणतात, "ती म्हायेराला आली की परत घाटात जाऊ. खरे कान तिचेच हायेत."