टोकनवाला कोट

विंझरला माझं शिंप्याचं दुकान. आमचे जावई पुण्यात कम्प्युटरवर काहीतरी करतात. काय ते मुलीलाही सांगता येत नाही. त्यांनी डोकं लढवलं: मी मापाचे पाचच कोट शिवायचे आणि एकेका कोटाची मालकी मोबाईलवर टोकन म्हणून विकायची. जावई पडले, म्हणून कात्री हातात घेतली.

पहिलं गिऱ्हाईक काडीसारखं. त्याच्या मापाचा कोट कापला. काजंबटणं होईस्तोवर त्याचं टोकन पुढे तीनदा विकलं गेलं आणि कोट न्यायला उगवले एक पैलवानी साहेब. कोट खांद्यावरच अडला, तरी मोबाईल नाचवत म्हणाले, “मालक मीच आहे.”

मी म्हणालो, “व्हय की, कोट तुमचाच. आता त्या पयल्या गिऱ्हाइकाचं अंग बी इकत घ्या, म्हंजी घालता यील.”